इगर्जीमागची शाळा

गोव्यातल्या जुन्या चर्चचं, म्हणजे इगर्जीचं, तोंड सगळेच पाहतात. चुन्याची पांढरीशुभ्र भिंत, मनोरे, घंटा, अंगणातला दगडी क्रूस आणि पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढून घेणारी माणसं. मागच्या अंगाला फारसं कुणी जात नाही. तिथं पाद्रींचं घर असतं, विहीर असते, चार माड असतात आणि बऱ्याच ठिकाणी एक लांबट कौलारू खोली असते. आता तिच्यात फेस्ताच्या मांडवाचे बांबू, मोडक्या खुर्च्या, गेल्या नाताळच्या गोठ्याचं सामान असं काहीबाही पडलेलं दिसतं. मला विचाराल तर सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदीपेक्षा या खोलीत इतिहास जास्त आहे. गोव्यातली ‘पारोकियल इस्कोल’, म्हणजे पॅरिशची शाळा, अशाच जागांत भरायची. सोळाव्या शतकात सुरू झालेली ही शाळा पार विसाव्या शतकापर्यंत तग धरून होती. तिनं किती पोरांना धर्म शिकवला याची नोंद पाद्रींनी ठेवली असेल. पण सकाळी रेडिओवर जुनी गाणी लावून भाजी निवडणाऱ्या आपल्या घरांना तिनं काय दिलं, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

सुरुवात काही गोड नव्हती. 1510 साली आल्बुकेर्कनं गोवा घेतलं. 1540 मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली, 1567 मध्ये सासष्टीतली. 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाचा हुकूम आला, की बाप गमावलेली हिंदू मुलं जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करावीत. त्यांना बाप्तिस्मा देऊन तिथंच वाढवायचं. आई जिवंत असली तरी तिला कुणी विचारत नव्हतं. याच धामधुमीत, 1545 च्या आसपासपासून, गावोगावच्या चर्चला जोडून शाळा उघडायचे आदेश निघू लागले. शाळेचा हेतू स्वच्छ होता: मूल जुन्या जगातून काढायचं आणि नव्या जगात रुजवायचं. आजच्या सोयीसाठी त्यावर गुलाबपाणी शिंपडण्यात अर्थ नाही.

मूल रुजवायचं तर आधी ते यायला हवं. 1542 मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यानं फिरायचे आणि पोरं जमवून त्यांच्याकडून प्रार्थना सुरात म्हणून घ्यायचे. ही युक्ती त्यांच्या मागून आलेल्यांनीही सोडली नाही. परका धर्म, त्यात लॅटिन भाषा, आणि समोर पाच-सात वर्षांची चिखलात खेळणारी पोरं. उपदेशानं ती बधली नसती, गाण्यानं बधली. चर्चलाही गाण्याची गरज होतीच. मिस्सा गायची, वेस्पर, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, गायची, मिरवणुका गात काढायच्या, तर दर गावाला गाणारे, वाजवणारे हवेत आणि ते लिस्बनहून जहाजात भरून आणणं कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून शाळेच्या अभ्यासक्रमात धर्म, लिहिणं-वाचणं आणि जुजबी गणित यांच्या जोडीला संगीत आलं. ते आलं ते शोभेचा विषय म्हणून नव्हे. चर्चला रोज लागणारं काम म्हणून आलं.

मराठी वाचकानं इथं क्षणभर थांबावं असं एक प्रकरण आहे. राशोलच्या जेझुइटांमध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री होता. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं; हजारो ओव्यांचं मराठी महाकाव्य. पुराणाच्या आरंभी नवख्रिस्ती झालेला माणूस पाद्रीकडे गाऱ्हाणं मांडतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही काढून घेतलीत, मग आम्ही आता काय वाचायचं, ऐकायचं? चारशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न मला त्या सगळ्या व्यवहारातला सर्वांत खरा क्षण वाटतो. स्टीफन्सनं त्याला उत्तर दिलं ते ओवीतच. ज्या आज्यांनी देवळात पुराण ऐकलं होतं, त्यांच्या नातवंडांनी चर्चमध्ये पुराण ऐकलं. चाल तीच, कथा निराळी.

पण हा समंजसपणा टिकला नाही. 1684 मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं: लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं, पाद्री आणि शाळामास्तर यांनी शिकवावं तेही पोर्तुगीजमधूनच. मुदत तीन वर्षांची! तीन वर्षांत कोकणी संपणार होती. (काळाचे विनोद पाहा. 1990 मध्ये गोवा सरकारनं ठरवलं, की प्राथमिक शाळांना अनुदान हवं तर माध्यम प्रादेशिक भाषेचं पाहिजे, तेव्हा आर्चबिशपांच्या संस्थेनं आपल्या प्राथमिक शाळा कोकणी केल्या. आणि 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा गोव्यात रस्त्यावर उतरण्यापर्यंत वेळ आली. शाळेच्या भाषेवरून भांडणं हा गोव्याचा जुनाच कुळाचार आहे.) तर 1684 च्या फर्मानाचं काय झालं, हे कोणत्याही गोवेकराच्या स्वयंपाकघरात गेलं की कळतं. तिथं कोकणीच ऐकू येते.

पुढं जेझुइट 1759 मध्ये हाकलले गेले, एकोणिसाव्या शतकात उरलेले संन्यासी संघही बंद झाले, सरकारी शाळा निघाल्या, लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, निघालं. वाचन-लेखन तिकडं गेलं. पॅरिशच्या शाळेकडे शिल्लक राहिलं ते दोत्रिन, म्हणजे धर्मशिक्षण, आणि सोल्फ. खरं तर जे उरलं तेच तिचं वैशिष्ट्य ठरलं.

सोल्फ म्हणजे स्वरलिपी तोंडानं म्हणणं. पाहायला सोपं वाटतं. सासष्टीतल्या एका गावात संध्याकाळच्या वेळी मी असा एक वर्ग मागच्या बाकावर बसून पाहिला आहे. वाद्य एकही नाही. मुलांपुढं पाच रेघांवर काढलेल्या टिकल्यांचं पान, आणि प्रत्येकाचा उजवा हात हवेत. हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर, पुन्हा खाली. या हाताबरोबर तोंडानं दो, रे, मी, फा. आधी नुसती नावं तालात वाचायची, सूर न लावता, पोरं पाढे म्हणतात तशी. ते जमलं की सुरात. एका मुलीचा हात पुढं धावत होता आणि तोंड मागं राहत होतं. शिकवणाऱ्या बाईंनी तिचं मनगट धरलं आणि स्वतःच्या हातानं चार वेळा फिरवलं, तशी ती लागलीच जागेवर आली. जिथं टिकली नाही, नुसती विश्रांतीची खूण आहे, तिथं हात चालूच ठेवायचा आणि तोंड मिटायचं. हे मुलांना सर्वांत जड जात होतं. गप्प राहायचं, पण मोजत राहायचं. हे असं कित्येक महिने चाललं की मग व्हायोलिन हातात. पूर्वीचे लोक त्याला रेबेक म्हणत.

आपल्याकडच्या तालमीशी याची तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही. आपला विद्यार्थी गुरूसमोर बसतो, ऐकतो, गुरूच्या गळ्यातून निघालेली जागा आपल्या गळ्यात उतरवतो. कागद मध्ये आला की गुरूच्या कपाळाला आठी पडते. पॅरिशच्या शाळेत उलटं. तिथं मास्तर नसला तरी कागद पुरे. न ऐकलेलं गाणं डोळ्यांनी वाचून पहिल्याच फटक्यात वाजवता आलं पाहिजे, आणि शेजारचे दहाजण निराळं काही वाजवत असताना आपली ओळ सोडता कामा नये. आपली तालीम एकेक गायक घडवते, ही शाळा पन्नास माणसांतला एक होण्याची तयारी करून घेई. कोणती श्रेष्ठ, या वादात मी पडणार नाही. सुटे, एकटे, आपल्या मर्जीनं वाढवत नेलेले सूर मला अधिक जवळचे आहेत, हे कबूल करतो. पण पन्नास माणसांनी एका श्वासात धनुकली उचलण्यात जे काही आहे, ते ऐकून-शिकून येत नाही.

ही शाळा चालवायचा तो मेस्त, म्हणजे मास्तर. गावातलं हे अजब पात्र. सकाळी मिस्साला गायचं आणि वाजवायचं, दुपारी पोरांना सोल्फ, संध्याकाळी कुणाच्या घरी लादायञ, म्हणजे प्रार्थना, असेल तर तिथं व्हायोलिन. लग्नं, मर्तिकं, फेस्तं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, दिवसांत म्हणायची मोटेटं, म्हणजे धर्मगीतं, गोव्यातल्या मेस्तांनी स्वतः रचली, हातानं उतरवून ठेवली, आणि त्यांतली कित्येक रचणाऱ्याच्या नावाशिवायच चालत आली. पगार चर्चच्या तिजोरीतून, आणि तो बेताचाच. छडी मात्र सढळ. जुन्या वादकांशी बोलताना मेस्ताचा विषय निघाला की त्यांचा हात आपोआप दुसऱ्या हाताची बोटं चोळू लागतो, असं मी पाहिलं आहे. आणि त्याच दमात ते सांगतात, की पुढं पोट भरलं ते त्या छडीमुळं.

पोट भरण्याची गोष्ट खरी होती. बामणांच्या आणि चाड्ड्यांच्या, म्हणजे वरच्या जातींतल्या ख्रिश्चनांच्या, घरांत पियानो असे, मुलं लिसेवात जात, पुढं वकील-डॉक्टर होत. चर्चमध्ये सगळे एक म्हणायचे, पण फेस्त कोणत्या जातीच्या मंडळानं करायचं यावरून गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले. पॅरिशच्या शाळेत ज्यांना खरी गरज होती ती पोरं माडी काढणाऱ्या रेंदेराची, खलाशाची, भाटात राबणाऱ्याची. मुलींना या शाळेचा फारसा लाभ होत नसे. बारीक आवाजाच्या ओळी पोरगेच गात. (मी पाहिलेल्या वर्गात मुली जास्त होत्या आणि शिकवणाऱ्याही बाईच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांची तयारी चालली होती. मेस्ताला हे आवडलं असतं का, सांगवत नाही.) सोल्फ आलं की या पोरांच्या हाती असं एक कसब यायचं, ज्याला भाषा लागत नव्हती, जमीन लागत नव्हती आणि ज्याची जात कुणी विचारत नव्हतं.

गोव्यात त्या कसबाला गिऱ्हाईक नव्हतं. ब्रिटिशांच्या मुलखात होतं. पलटणींचे बँड, पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, बोटींवरचे बँड, हॉटेलांतली डान्स फ्लोअर. झांझिबारच्या सुलतानाच्या बँडमध्येसुद्धा गोवेकर होते. मुंबईत धोबीतलावला आणि आसपास गावागावाच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या. कूड म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली खोली. भिंतीशी प्रत्येकाची पेटी, मधे वेदी, संध्याकाळी रोझरी. पेट्यांच्या रांगेत एखादी लांबुळकी पेटी व्हायोलिनची असायची. मूकपट चालू असताना पडद्याखाली बसून वाजवणाऱ्यांत ही मंडळी होती. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू लागला, आणि हळूहळू ही मंडळी पडद्याखालून पडद्यामागं गेली.

तिथं त्यांची खरी गरज होती. एकेका गाण्याला तीस, चाळीस, साठ वादक लागू लागले. सगळं एकदम, एकाच वेळी ध्वनिमुद्रित व्हायचं. मध्येच कुणी चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. बहुतेकांना पाच रेघांची लिपी येत नसे आणि यायलाच हवी असंही नाही. शेजारी अरेंजर बसलेला असे. तो चाल कागदावर उतरवी, मग तिच्याखाली व्हायोलिनची ओळ, चेलोची, बासरीची, ट्रम्पेटची. मधल्या मोकळ्या जागा भरायच्या, गायिकेच्या सुराखालून दुसरा सूर आडवा न्यायचा. मग प्रत्येकाच्या ओळीच्या वेगवेगळ्या प्रती. वादक सकाळी स्टुडिओत येत, स्टँडवरचा कागद पाहत, सूर जुळवत आणि वाचू लागत. तो कागद त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलेला असे. वादकांत पारशी होते, इतरही होते. पण व्हायोलिनच्या रांगा भरल्या त्या मुख्यतः गोवेकरांनी, आणि वाचायला ते शिकले होते इगर्जीमागं.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाला. ट्रम्पेट वाजवायचा. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, 1951 साली, भगवानदादांच्या मागं जे काही उसळत होतं त्यात चिक चॉकलेटचा मोठा वाटा होता, आणि तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते. फाळणी झाली, मुंबईला आले, आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनांचे जे लोटच्या लोट येतात ते बहुतांशी त्यांच्या हातचे. या मंडळींची नावं पडद्यावर बहुधा यायची नाहीत. आलीच तर ‘सहायक’ म्हणून. अन्याय होता, यात शंका नाही. मला मात्र वाटत राहतं, की निनावी राहण्याची सवयही त्यांनी त्याच खोलीतून आणलेली होती. मोटेट कुणी रचलं हे विचारायचं नसतं, ते गायचं असतं, अशा घरात वाढलेली माणसं रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव नाही म्हणून पहिल्या दिवशी भांडत नाहीत. भांडण मनात येईपर्यंत केस पांढरे झालेले असतात.

एकजण मात्र वेगळा निघाला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. जन्म 1927. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त, पहिलं शिक्षण त्यांच्याच हाताखाली. 1943 मध्ये मुंबईला आले आणि नौशादांकडे व्हायोलिन वाजवू लागले. पुढं अरेंजर झाले. इतरांसारखा पगार घेऊन घरी जायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण राग कानावर पडले आणि हा माणूस त्यांच्या नादी लागला. शाळेनं दिलेली लिपी आणि इथल्या मातीतला राग यांची गाठ घालायची, हा त्यांचा ध्यास. त्यांनी ‘सोनातीना इंदियाना’ लिहिलं, सारंग रागात कॉन्चेर्तो लिहिला. आणि 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला. गायला होते मन्ना डे आणि लता मंगेशकर.

या एका संध्याकाळपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. मंगेशकरांच्या मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीला, तेव्हाच्या सासष्टीत. सोळाव्या शतकात देवळांवर संक्रांत आली तेव्हा भक्तांनी देव उचलला आणि नदीपलीकडे प्रियोळला नेला. तिथल्या मंगेशीच्या परिसरात 1900 साली लताबाईंचे वडील दीनानाथ जन्मले. त्यांचं गाणं देवळाच्या आवारातलं. पलीकडच्या त्याच फोंडा मुलखातून केसरबाई केरकर आल्या. अलीकडे, देव जिथून गेला त्या कुठ्ठाळीपासून फार लांब नसलेल्या माजोर्ड्याला, चर्च उभं राहिलं आणि तिथं मेस्ताचं घराणं रुजलं. एक गाणं देवाबरोबर नदी ओलांडून गेलं. दुसरं, देव गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत पेरलं गेलं. चारशे वर्षं दोन्ही नदीच्या दोन काठांना आपापल्या सुरात राहिली. आणि 1958 मध्ये, जेझुइटांनीच काढलेल्या कॉलेजच्या अंगणात, मेस्ताचा मुलगा हातात छडी घेऊन उभा राहिला आणि दीनानाथांची मुलगी त्याच्या इशाऱ्यावर गायली. त्या दोघांच्या मनात हे काही आलं असेल असं नाही. तालमीत अशा गोष्टींना सवड नसते.

हा वाद्यवृंद फार काळ चालला नाही. सिनेमात एका गाण्यामागं निर्माता असतो. सिम्फनीमागं इथं कोण उभं राहणार? 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. परतले तेव्हा सिनेमाकडं वळले नाहीत, सरळ माजोर्ड्याला जाऊन राहिले. 1977 मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यात अंड्यातून बाहेर पडलेला अमिताभ ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ म्हणत नाचतो. साऱ्या देशाला ते गमतीनं रचलेलं नाव वाटलं. या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल शर्मा यांनी ते आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव म्हणून घातलं होतं.

अँथनी गोन्साल्विस 2012 च्या जानेवारीत गेले. राहुलदेव बर्मनही त्यांचे शिष्य. म्हणजे मेस्ताच्या शाळेची गुरुपरंपरा शोधू लागलं, तर ती बर्मन आणि शर्मा या आडनावांपर्यंत येते, आणि तिथून सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कोणत्या गाण्यापर्यंत जात नाही हे सांगणं अवघड. कुणा मेस्तानं गोन्साल्विसांच्या वडिलांना सोल्फ घोकवलं असेल, त्याला आणखी कुणी. त्यांतलं एकही नाव मला ठाऊक नाही. चर्चच्या दप्तरात पगाराच्या खात्याला ती असतील, पावणेदोन रुपये की अडीच, या भांडणासकट.